शेवटचा धोबी कधी दिसला? परतीच्या पक्ष्यांच्या नोंदींसाठी धागा

माळटिटवी | ९ एप्रिल, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात पहिला धोबी (हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येणारा छोटा पक्षी) दिसला की सगळीकडे गडबड उडते. फोटो येतात, तारखा येतात, "आमच्याकडे तर परवाच आला" अशी चढाओढ लागते. तोच धोबी परत जातो तेव्हा मात्र त्याची तारीख कुणाच्या वहीत नसते. मी गेली नऊ वर्षं एकाच तळ्यावर जाते. आगमनाच्या नऊच्या नऊ तारखा माझ्याकडे आहेत. जाण्याची एकही धड नाही.

अडचण अशी की पहिला पक्षी दिसतो तेव्हा तो पहिला आहे हे तिथल्या तिथे कळतं. शेवटचा दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कळायला आठवडा जावा लागतो, आणि तोवर आपण बघणं सोडलेलं असतं. कोकीळ ओरडायला लागला, ऊन वाढलं, की दुर्बीण कपाटात जाते. आणि पक्षी सगळ्यात देखणे असतात ते याच दिवसांत.

आज तळ्याच्या आटलेल्या काठावर साठ-पासष्ट पिवळे धोबी होते. म्हशींच्या पायांत घुसून माश्या टिपत होते. एक नर अगदी दहा-बारा फुटांवर आला. त्याच्या डोक्यावर जुनी मातकट पिसं आणि नवी काळी पिसं अर्धी अर्धी होती, जणू कुणी बोट शाईत बुडवून कपाळावर टेकवलं आहे. गळ्याखाली मात्र पक्का पिवळा. दहा दिवसांपूर्वी हाच थवा सगळा मळकट होता.

तर विचारायचं आहे ते असं: तुमच्याकडे कोण निघालं, कोण अजून आहे? आणि शेवटची तारीख पकडायची काही युक्ती आहे का?

---

पानगळ | ९ एप्रिल, सकाळी ८:१५

धोबी गेल्यावर तळ्यावर कपडे कोण धुणार, ही खरी काळजी! :)

धागा आवडला. आमच्याकडे थिरथिरा मार्चअखेरीपासून दिसलेला नाही. तारीख विचाराल तर तुमच्यासारखंच. आठवत नाही.

---

खाडीकाठी | ९ एप्रिल, सकाळी ९:४०

ताई, फार चांगला विषय काढलात. मी खाडीवर फिरणारा माणूस, आणि माझ्या मते चिखलातल्या पक्ष्यांसाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा हा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे.

हिवाळाभर सगळे तुतवार आणि चिखल्या एकाच करड्या रंगात वावरतात. नवीन माणूस कंटाळून घरी जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. आता जाऊन बघा. कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल व्हायला लागलाय, मानेपासून पोटापर्यंत, मध्ये मध्ये पांढरी पिसं अजून डोकावतात. छोट्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा उमटलाय. मळगुज्याची मान गंजलेल्या लोखंडासारखी. तोच चिखल, तेच पक्षी, पण ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

जाणाऱ्यांसाठी एकच सूचना. भरतीचं वेळापत्रक बघून पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा आणि एका जागी बसा. पाणी वर सरकतं तसे पक्षीच तुमच्याकडे सरकतात. ओहोटीला गेलात तर ते अर्धा किलोमीटर लांब ठिपक्यांएवढे दिसतील.

---

नवखी_निरीक्षक | ९ एप्रिल, दुपारी १:०५

काका, एक शंका. धोब्याला नवी पिसं येतात असं माळटिटवी ताईंनी लिहिलंय. भोरड्यांचं पण तसंच असतं का? कारण आमच्या कॉलेजमागच्या सावरीवर फेब्रुवारीत ज्या भोरड्या होत्या त्या मळक्या गुलाबी होत्या, आणि मागच्या आठवड्यात एकदम चकचकीत काळं डोकं आणि स्वच्छ गुलाबी अंग. मला वाटलं दुसराच थवा आला.

---

उत्तररात्र | ९ एप्रिल, रात्री १०:३०

छान निरीक्षण. दोन्ही गोष्टी शक्य आहेत, कारण थवे सतत बदलत असतात. पण रंगाचं गणित वेगळं आहे.

धोबी, तुतवार, चिखल्या हे परतीच्या आधी खरोखर पिसं बदलतात. जुनी गळतात, नवी रंगीत येतात. म्हणूनच ताईंना तो अर्धामुर्धा नर दिसला. भोरड्यांचं तसं नाही. त्यांची पिसं शरद ऋतूत नवी येतात तेव्हा प्रत्येक पिसाच्या टोकाला मातकट कड असते. हिवाळाभर ती कड झिजत जाते आणि खाली दडलेला काळा आणि गुलाबी रंग उघडा पडतो. नवं काही उगवत नाही, वरचं झिजतं. थिरथिऱ्याचा नरही याच वाटेनं काळाभोर होतो.

आणि त्यांना निघायचं कळतं कसं, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. मुख्य खूण दिवसाच्या लांबीची. दिवस मोठा होऊ लागला की शरीरात संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, चरबी साठते. पिंजऱ्यातले स्थलांतरी पक्षीसुद्धा या दिवसांत रात्री झोपत नाहीत, जाण्याच्या दिशेला उड्या मारत राहतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी इंडिगो बंटिंग नावाचे पक्षी तारांगणात ठेवून दाखवलं की ते ताऱ्यांवरून दिशा ठरवतात. घुमटावरचं आकाश फिरवलं तशी पक्ष्यांची दिशाही फिरली.

---

शीळ | १० एप्रिल, सकाळी ६:५५

सुंदर चर्चा. फक्त एका शब्दाला माझा आक्षेप आहे. धाग्यात अजून कुणी लिहिला नाही, पण लिहितीलच: "पाहुणे". पिवळा धोबी सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो आणि एप्रिलअखेर जातो. आठ महिने झाले! उत्तरेत तो जेमतेम तीन-चार महिने असतो, उरलेले दिवस वाटेत. आठ महिने राहणाऱ्याला पाहुणा म्हणायचं?

---

खाडीकाठी | १० एप्रिल, सकाळी ८:२०

शीळ, मुद्दा गोड आहे पण मला पटत नाही. जिथे घरटं, तिथे घर. इथे तो पोट भरायला येतो.

---

शीळ | १० एप्रिल, सकाळी ८:४५

काका, शहरात नोकरीला आलेल्या माणसाचं घर गावाला असतं, तरी आपण त्याला शहरात पाहुणा म्हणत नाही. शब्दाचा परिणाम होतो म्हणून बोलते. पाहुण्याचं चार दिवस कौतुक होतं. रहिवाशाचा हक्क असतो. तळं बुजवताना "पाहुणे पक्षी दुसरीकडे जातील" असं सहज म्हटलं जातं.

---

खाडीकाठी | १० एप्रिल, सकाळी ९:०२

हे मात्र मान्य. तळं बुजवण्याबद्दल बोललात तिथे मी निःशब्द. यापुढे "पाहुणे" लिहिणार नाही.

---

एरीकाठचा | १० एप्रिल, रात्री ११:५०

इकडे आमच्याकडे उलटी बाजू आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही निरोप देताय, आम्ही वाट बघतोय.

उत्तर अमेरिकेत इवल्या रंगीत वॉर्बलर पक्ष्यांचा खरा लोंढा मे महिन्यात येतो. एरी सरोवराच्या दक्षिण काठावर ओहायोत मॅगी मार्श नावाची जागा आहे, आणि पलीकडच्या काठावर कॅनडात पॉइंट पेली. हे पक्षी रात्रभर उडत येतात. पहाटे समोर मोठं सरोवर दिसलं की बरेचसे ते ओलांडण्याआधी काठावरच्या झाडीत उतरतात, दिवसभर अळ्या खाऊन पोट भरतात. मॅगी मार्शला लाकडी पायवाट आहे. एरवी साठ फूट उंच शेंड्यावर मान मोडून शोधावा लागणारा पक्षी तिथे डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर असतो. माझ्या पहिल्या मे महिन्यात एक ब्लॅकबर्नियन वॉर्बलर कठड्यावर उतरला, गळा पेटत्या निखाऱ्यासारखा. इतका दमलेला की आजूबाजूच्या वीस माणसांकडे त्याचं लक्षही नव्हतं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. त्यानं एक अळी उचलली, फांदीवर आपटली, गिळली आणि दुसरी शोधायला लागला.

दिवस कसा निवडायचा? वारा बघायचा. रात्री दक्षिणेकडून ऊबदार वारा असेल तर पक्षी निघतात. वाटेत पाऊस किंवा उलटा वारा लागला तर जिथे असतील तिथे खाली येतात. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर टेक्सासमध्ये अशा दिवशी अक्षरशः झाडं पक्ष्यांनी लगडतात. कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचा बर्डकास्ट नावाचा उपक्रम आहे. हवामानाच्या रडारवर उडते थवे दिसतात, त्यावरून रोज रात्रीचा अंदाज देतात.

तुमच्या प्रश्नाकडे: मी शेवटच्या तारखा ठेवतो, पण फक्त कारण माझी फेरी ठरलेली आहे. रोज तीच वाट, तेवढीच वेळ. चार जागा पालथ्या घालणाऱ्याला हे जमणार नाही.

---

पानगळ | ११ एप्रिल, सकाळी ७:३०

रडारवर पक्षी! रात्री गच्चीवर झोपायचं आणखी एक कारण मिळालं.

---

उत्तररात्र | ११ एप्रिल, रात्री ९:१५

गच्चीवर जरूर झोपा, आणि कान उघडे ठेवा. रात्री हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, म्हणून बहुतेक लहान पक्षी रात्रीच प्रवास करतात आणि उडताना बारीक हाका देत राहतात. पाणपक्ष्यांच्या हाका तर शहरावरूनही ऐकू येतात.

उलट गरुड, शिक्रे, करकोचे दिवसा उडतात, कारण त्यांना तापलेल्या हवेचे झोत लागतात. समुद्रावर असे झोत जवळजवळ नसतात, म्हणून ते जमिनीचा चिंचोळा भाग शोधतात. इस्राएलमधल्या ऐलातवरून मार्च ते मे या काळात स्टेप गरुड, मग बझर्ड, शेवटी मधुबाज यांचे लोंढे जातात ते याच कारणाने.

पट्टकादंब हंस या दोन्ही गटांत बसत नाही. भारतातून परतताना तो हिमालयाची चढण सात-आठ तासांत पार करतो. दुपारी डोंगरावर चढते वारे वाहतात, ते वापरेल असं वाटलं होतं. पण उपग्रह-टॅग लावून पाहिलं तर तो रात्री आणि पहाटे चढतो, जेव्हा हवा थंड, दाट आणि स्थिर असते. सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची आहे. डोंगर उतरला की तोही खाली उतरतो, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. विरळ हवेत पंख मारणं इतकं महाग पडतं की मिळवलेली उंची सोडून देणं त्याला परवडतं.

---

नवखी_निरीक्षक | १२ एप्रिल, सकाळी १०:४०

रात्रीच्या प्रवासावरून आठवलं. मागच्या मे महिन्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात सकाळी एक नवरंग बसलेला सापडला. डोळे अर्धवट मिटलेले, शेपटीखालचा लाल रंग फरशीवर उठून दिसत होता. सगळे पाणी पाजायला धावले. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना थांबवलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून आत कापड घातलं, त्याला अलगद आत ठेवलं आणि खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून दिलं. चोचीत पाणी घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं, असं त्यांनी सांगितलं. दोन तासांनी खोक्यात टकटक सुरू झाली. मागच्या झाडीत नेऊन झाकण उघडलं तर एका झेपेत करवंदीच्या जाळीत! तेव्हापासून मी पक्षी बघायला लागले.

---

शीळ | १२ एप्रिल, दुपारी १२:१०

नवखी, काकूंना माझा नमस्कार सांग. नवरंग दक्षिणेतून वर येतो तो वळवाच्या सुमाराला, रात्री. दिव्यांनी गोंधळतो आणि काचेवर आपटतो. एकट्या अमेरिकेत काचेवर आपटून वर्षाला ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, असा २०१४चा अंदाज आहे. आपल्याकडे आता प्रत्येक नवी इमारत काचेची होते आहे.

उपाय अवघड नाही. काचेच्या बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवायचे. आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, कारण बाहेरून काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतच राहतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचे आणि नावाच्या पाटीचे मोठे दिवे रात्री अकरानंतर बंद ठेवायला सोसायटीला सांगा. मी दोन वर्षं मागे लागले होते, तिसऱ्या वर्षी ऐकलं.

---

खाडीकाठी | १३ एप्रिल, सायंकाळी ७:२५

आज मन खट्टू आहे. भरतीच्या वेळी साताठशे चिखल्या आणि तुतवार उंचवट्यावर एकमेकांना खेटून विसावले होते. चार जण मोठे कॅमेरे घेऊन आले आणि उडते फोटो हवेत म्हणून टाळ्या वाजवत त्यांच्यात शिरले. थवा उठला, फिरला, बसला. पुन्हा उठवला. पाच वेळा.

मी जाऊन बोललो. हे पक्षी आत्ता एकेक ग्रॅम चरबी साठवतायत. ती वाटेत जाळायची आहे, इथे तुमच्या फोटोसाठी नाही. एकानं ऐकलं, बाकीच्यांनी "आम्ही हात कुठे लावला" म्हटलं.

---

एरीकाठचा | १३ एप्रिल, रात्री १०:०५

काका, तुमचं शंभर टक्के बरोबर. डेलावेअरच्या उपसागरावर मे महिन्यात रेड नॉट नावाचे किनारपक्षी नालखेकड्यांची अंडी खायला उतरतात. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करून आर्क्टिककडे निघतात. ते वजन भरलं नाही तर पुढे विणीला ताकद उरत नाही. म्हणून तिथे त्या काळात किनाऱ्याचे काही भाग माणसांसाठी बंदच ठेवतात. आपल्याकडे निदान भरतीच्या विसाव्याच्या जागांवर तरी असं व्हायला हवं.

---

पानगळ | १४ एप्रिल, सकाळी ८:००

काका, खट्टू होऊ नका. एकानं ऐकलं ना? पुढच्या भरतीला तो बाकीच्यांना सांगेल.

---

उत्तररात्र | १८ एप्रिल, रात्री ९:५०

मूळ प्रश्न मागे पडला, म्हणून त्याकडे येतो. शेवटची तारीख पकडायची युक्ती एकच: "दिसला नाही" हेसुद्धा लिहायचं. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) यादी भरताना "ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?" असं विचारतात ते उगाच नाही. पूर्ण यादीत एखादा पक्षी नसेल तर त्या नसण्याला अर्थ येतो. कागदी वहीतही हे जमतं. धोब्यासाठी एक रकाना करा, रोज आकडा लिहा, शून्य असेल तर शून्य लिहा.

दुसरं म्हणजे "पिवळा धोबी" असं एकच नाव लिहू नका, डोकं कसं होतं तेही लिहा. हा पक्षी एक असला तरी त्याच्या उपजाती वेगवेगळ्या मुलखात वीण करतात. काळ्या डोक्याचा आग्नेय युरोप ते मध्य आशियाच्या पट्ट्यात. फिकट निळसर डोकं आणि ठळक पांढरी भुवई असलेला कझाकस्तान-पश्चिम सायबेरियाकडे. गडद राखाडी डोकं आणि भुवई नसलेला त्याहून उत्तरेला, स्कँडिनेव्हियाच्या वरच्या टोकापासून सायबेरियापर्यंत. दक्षिणेच्या मुलखात वसंत लवकर येतो, म्हणून तिकडचे आधी निघतात. उत्तरेकडचे बर्फ वितळायची वाट बघत मागे राहतात. तेव्हा तुमचा शेवटचा धोबी कोण असेल, यावर माझी पैज राखाडी डोक्यावर.

---

नवखी_निरीक्षक | १९ एप्रिल, सकाळी ७:१०

भोरड्या गेल्या! १६ला तीनेकशे, १७ला चाळीस, १८ला शून्य, आज शून्य. रकाना आखलाय.

आणि पायात कडी असलेला पक्षी दिसला तर काय लिहायचं?

---

खाडीकाठी | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

शाब्बास! कडी किंवा रंगीत झेंडी दिसली तर पाय डावा की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम, अक्षरं, सगळं लिहा. जमेल तसा फोटो काढा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. १९५९ साली सालिम अलींनी तिथे मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून अशाच कळवण्यांतून आपले पक्षी कुठे जातात ते समजत आलंय. आता उपग्रह-टॅगही आहेत. मंगोलियात २०१९ला टॅग लावलेला ओनोन नावाचा कोकीळकुळातला कक्कू झांबियात हिवाळा काढून, अरबी समुद्र ओलांडून मे २०२०मध्ये मध्य प्रदेशात उतरला आणि महिनाअखेर परत मंगोलियात. सोळा देश, २६,००० किलोमीटरहून जास्त.

---

शीळ | २६ एप्रिल, सकाळी ८:४०

माळटिटवी ताई, तळं कसं आहे?

---

माळटिटवी | ३० एप्रिल, सकाळी ९:१५

उशिरा लिहिते आहे, कारण रकाना भरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ९ एप्रिलला साठच्या वर होते. १५ला अडतीस, त्यात काळ्या डोक्याचे फक्त चार. २०ला अकरा, काळं डोकं एकही नाही. २५ला एक. त्यानंतर २६, २७, २८, २९, ३० असे पाच दिवस शून्य. काठ आता भेगाळलाय, म्हशीसुद्धा पलीकडच्या डबक्यात जातात.

तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा वहीत लिहिलं: पिवळा धोबी, शेवटचा, २५ एप्रिल. उत्तररात्र, तुमच्या रकान्याचे खूप आभार. "नाही" लिहितानाही तळ्याकडे तितकंच लक्ष द्यावं लागतं, हे पाच दिवसांत कळलं.

---

उत्तररात्र | ३० एप्रिल, रात्री १०:२०

उत्तम. अजून आठवडाभर रकाना बंद करू नका.

---

माळटिटवी | ३ मे, सकाळी ७:०५

आज पहाटे पलीकडच्या डबक्यावर दोन होते. माना आत घेऊन, म्हशीच्या खुरांमागे घाईघाईने टिपत होते, पोटं गोल झालेली. दोघांची डोकी गडद राखाडी, भुवई नाही, कानाजवळ जवळजवळ काळी. वीस मिनिटं थांबले. मग दोघेही "त्स्वीप" करत उठले, हेलकावे घेत बांधापलीकडे गेले, परत आले नाहीत.

२५ खोडून ३ मे लिहिलं आहे, पेन्सिलीनं.